दगड काढून लिंबू

लांबलचक अमेरिकन गाडी उतारावरून मागं घरंगळत होती आणि आत मी होते, शेजारी मेस्त्रीची बायको. मेस्त्री गाडीपाठोपाठ धावत ओरडत होता, "आक्का, काचंला हात लावू नगा!"

निपाणीतला हा आमचा शेजारी. लोकांच्या मोटारींना लाथ मारून रोग सांगायचा, ह्या गाडीला मात्र स्वतःच्या सदऱ्यानं पुसायचा. बारा वर्षं शोधून ती त्याला नंदगडच्या एका गोठ्यात सापडली. ब्रेक लागत नव्हते, म्हणून चाकांखाली दगड होते. गाडीच्या पूजेला शोभा म्हणून त्यानं आम्हाला आत बसवलं आणि लिंबं ठेवायला दगड काढले.

गाडी उकिरड्यात रुतली. मेस्त्रीनं आधी दिवे तपासले.

"एक बी फुटला न्हाय!"

"आमी बी न्हाय फुटलो," बायको म्हणाली.

आम्ही दोघी वाचलो.