चाचाच्या कुऱ्हाडीचं पाणी

लोहाराकडं काम टाकलं की थांबावं लागतं, आणि थांबलं की तोंड चालतंच. बँकेच्या लायनीत उभी असलेली माणसं एकमेकांकडं बघत बी न्हाईत. भट्टीपाशी मात्र कुणी गप्प बसून दाखवावं! असे बसून बसून आमच्याकडं किस्से इतके साठलेत की मीच म्हणलं, बाई, आता सांगून मोकळी हो.

अहमदपूरला मार्केट यार्डाच्या मागं गफूरचाचांची भट्टी हाय. माझं मटणाचं दुकान हाय. मालक गेले तवापासून ठोकळ्यामागं मीच उभी राहते. आम्ही सगळे मटणवाले धारेला आलो की अर्धा दिवस चाचांकडंच. चाचा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून मटणाची कुऱ्हाड घडवतात. आखूड दांडा, रुंद पातं. एका घावात नळी तुटली पाहिजे आणि हाडाचा चुरा पडता कामा नये. उदगीरपासून लोहा गावापर्यंतचे खाटीक, ढाबेवाले, लग्नाचे आचारी, सगळ्यांना तीच कुऱ्हाड लागते.

* * *

मालक गेल्यावर मी पहिल्यांदा भट्टीवर गेले, तर सगळे खाली बघायला लागले. बाबू खाटीक तेवढा बोलला. हा आमच्या मालकांचा दोस्त. जीभ कधी तोंडात राहत न्हाई त्याची.

"वहिनी, कुऱ्हाड उचलंल का तुमच्यानं?"

मी म्हणलं, "मान ठेव ठोकळ्यावर, आत्ता बघू!"

चाचा खोकला येईस्तोवर हसले. मग उठून त्यांनी माझ्या मुठीला सुतळी गुंडाळली, माप घेतलं आणि बाभळीचा नवा दांडा तासायला घेतला. तासता तासता म्हणले, "बाबू, तू बी माप देऊन जा. गळ्याचं!"

घरातलं सुतक नुकतंच फिटलं होतं, आणि मी तिथं लोकांसमोर हसले. घरी येऊन त्याच्यावरून रडले. पण हसले होते, हे खरं.

* * *

लातूरचा एक आचारी होता. मोठमोठ्या लग्नांची कामं घ्यायचा. त्यानं ऑनलाइन चकचकीत कुऱ्हाड मागवली आणि मुद्दाम दाखवायला भट्टीवर आला. "चाचा, स्टेनलेस! गंजायचं नावच न्हाई!"

चाचांनी दांडा नुसता हलवून बघितला आणि परत दिला. "लई छान. जपून वापर."

पुढच्याच लग्नात दांडा ह्याच्या हातात आणि पातं उडून थेट रश्श्याच्या पातेल्यात! बाहेर पंगत बसलेली, वाढपी ओरडून राहिलेले, आणि हा पळी घालून तळ ढवळतोय. वाकलेला घाबरून इतका की चष्मा बी आत पडला.

पडलेलं तोंड घेऊन पुन्हा भट्टीवर आला. चाचांनी एकच विचारलं, "मग? वऱ्हाडाला लोखंड पुरलं का?"

* * *

हसण्यासारखं इथपर्यंतच होतं म्हणा.

लोहाराचं दुकान मुद्दाम अंधारं ठेवतात. तापल्या लोखंडाचा रंग उजेडात कळत न्हाई. पातं घडवून झालं की पुन्हा भट्टीत घालायचं, डाळिंबाच्या दाण्याचा रंग आला की काढून पाण्याच्या टाकीत बुडवायचं. चर्र! ह्याला पाणी देणं म्हणतात. सगळी कुऱ्हाड त्या एका घडीवर. रंग पुढं गेला तर पात्याचा तुकडा उडतो, अलीकडं राहिला तर धार मुडपते. ती घडी चाचा डोळ्यांनी पकडायचे. जन्मात चुकले न्हाईत.

तर बाबूनं नवी कुऱ्हाड नेली आणि पहिल्याच नळीवर तुकडा उडाला! बाबू पेटलाच. "आज चाचाला सोडत न्हाई!" म्हणत निघाला. तमाशा बघायला मी बी मागं.

चाचा आमच्यासाठी चहा ओतायला बसले. कप एकीकडं आणि चहाची धार दुसरीकडं. सगळा चहा जमिनीवर चाललाय आणि हे म्हणतात, "घ्या, गरम हाय तोवर."

बाबूनं रिकामा कप उचलून तोंडाला लावला. "साखर जरा जास्त झाली चाचा," म्हणला.

कुऱ्हाडीचं नाव बी काढलं न्हाई.

* * *

हलीमाचाची म्हणजे चाचांची बायको. चाचा ऐरणीवर पातं धरणार आणि चाची घण मारणार, ही त्यांची उभ्या जन्माची जोडी. चाचीनं आम्हाला रस्त्यात गाठलं.

"लातूरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत न्हाई म्हणे. उरलेली बी जाईल."

आणि चाचा गावभर सांगत होते मोतीबिंदू! "पिकू दे, मग काढू!"

बाबू त्यांना म्हणायचा, "पिकल्यावर आम्हाला बी एक फोड द्या चाचा!" आणि दुकानाबाहेर आला की डोळे पुसायचा.

चाची म्हणली, "कुणी काय बोलू नका रे त्यांना. भट्टी बंद झाली तर हा माणूस जगत न्हाई बघा. मी वळखते त्याला."

झालं! त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. मी सुद्धा. गावात कुणाला बी तोंडावर बोलणारी मी, पण चाचांपुढं गेलं की जीभच उचलंना.

* * *

आता खराब कुऱ्हाडींचं काय करायचं? बाबू आणि सलीम, दोघं मोटरसायकलवर पोत्यात घालून लोह्याला न्यायचे. सलीम म्हणजे बसस्टँडाकडचा मटणवाला, भला पोरगा. तिथल्या लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन आणायचे आणि इकडं चाचांपुढं कौतुक करायचे.

लोह्याचा लोहार म्हणला, "हे तर गफूरभाईचं काम. त्यांच्या कामाला मी कशाला हात लावू? ते कुठं हायेत?"

बाबूला काय सुचलं देव जाणे. म्हणला, "हजला गेलेत!"

पुढं महिना-दोन महिन्यांनी तो लोहार हातात हार घेऊन अहमदपूरला हजर! "हाजीसाब, मुबारक हो!" म्हणून चाचांच्या गळ्यातच पडला. चाचा हार चाचपत म्हणले, "मी कधी गेलो?"

बाबू खालमानेनं म्हणला, "मनानं, चाचा. मनानं जाऊन आलात."

सगळे हसले. चाचा बी हसले. मग पाहुण्याला चहा पाजला, पान खिलवलं, लोह्याच्या बाजाराची विचारपूस केली. तो कशावरून मुबारक द्यायला आला, हे मात्र त्यांनी विचारलं न्हाई. मला ते लई लागलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

* * *

सलीमनं मोबाईलवर बघितलं की लोखंड पाण्याजोगं तापलं की त्याला चुंबक चिकटत न्हाई. म्हणजे डोळे नसले तरी चालतंय! पोरगा जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून घेऊन आला. "चाचा, नवीन फॅशन हाय, बघा तर खरं."

चाचांनी चुंबक हातात घेतलं, वजन केलं आणि दारातून रस्त्यावर भिरकावलं. "माझ्या भट्टीत हे? उद्या बिर्याणीत थर्मामीटर घाल!"

पण त्या दिवसापासून ते विचारायला लागले. सांडशीत पातं धरून वर काढायचे आणि म्हणायचे, "बघा रे, आला का रंग? तुम्हाला बी शिकायला पाहिजे." जसं काय आमची शाळाच भरवलीय!

पहिल्यांदा आम्ही खरं सांगायचो. न्हाई चाचा, अजून न्हाई. चाचा, पुढं गेला. पण 'न्हाई' म्हणलं की त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. मग बाबू बघायच्या आधीच म्हणायला लागला, "आला! एकदम बरोबर!" मग सलीम. मग आम्ही सगळेच. पातं चर्र करून पाण्यात जायचं आणि चाचांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी यायची. पोतं पुन्हा लोह्याला.

* * *

बकरी ईदच्या दिवसांत लोह्याला जायला सवड कुणाला? सलीमनं चाचांची कुऱ्हाड तशीच वापरली. तुकडा उडाला आणि त्याच्या डोळ्याखाली घुसला. जरा वर लागला असता तर डोळाच गेला असता. टाके पडले.

चाचांच्या कानावर गेलंच. भेटायला आले, काठी टेकत. सलीम म्हणला, "बकऱ्यानं शिंग मारलं चाचा."

चाचांनी त्याच्या गालावरून बोट फिरवलं. टाक्यांवरून हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"शिंगाला धार चांगली होती," म्हणले.

ते गेल्यावर मी सगळ्यांना झाडलं. "आता पोराचा डोळा जाईस्तोवर वाट बघता का? सांगा की कुणीतरी!"

बाबू म्हणला, "तुम्हीच सांगा वहिनी. तुमचं तोंड गावाला म्हाईत हाय."

गेले की मी! ठरवून गेले. चाचा, आता बस करा, असं सरळ म्हणायचं. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि ते पावलावरनंच वळखून म्हणले, "ये कांता. तुझी कुऱ्हाड झिजली असंल. हा जुम्मा झाला की तुझी नवी घडवतो. माझ्या हातची."

मी म्हणलं, "बरं चाचा." आणि घरी आले.

* * *

आणि मग ती माझी कुऱ्हाड.

त्या दिवशी सगळे जमले होते. बाबू, सलीम, आणखी दोघं-तिघं. चाचीनं घण मारला, चाचांनी पातं घडवलं. काय हात चालला त्यांचा! नुसत्या हाताच्या सवयीनं पातं असं उतरलं की बाबू सुद्धा पुढं सरकून बघायला लागला. पातं गार झालं. पातं गार झालं. आता पाणी द्यायचं तेवढं राहिलं होतं.

चाची ब्लोअरपाशी बसली. चाचा आमच्याकडं पाठ करून भट्टीवर वाकले. बराच वेळ वाकलेले होते. मग सांडशी वर धरून आमच्याकडं वळले.

"बघा रे. आला का रंग?"

बाबू मोबाईलमध्ये होता. "आला चाचा! एकदम!"

सलीम म्हणला, "आला, आला."

मागचे बी म्हणले, "आला!"

मी बघितलं. पातं काळं होतं. तव्यासारखं काळं. चाचांनी ते भट्टीत घातलंच न्हवतं.

चाचीनं बी बघितलं होतं. तिनं पदर तोंडात घातला.

चाचा म्हणले, "कांता, तू सांग. तुझी कुऱ्हाड हाय. तू सांग."

त्यांचं तोंड माझ्याकडं होतं. डोळे जरा बाजूला, भिंतीकडं. सगळं दुकान माझ्याकडं बघून राहिलं. बाबूनं मोबाईल खाली केला आणि त्याला बी दिसलं.

मी म्हणलं, "आला, चाचा."

चाचांनी पातं टाकीत घातलं.

चर्र झालं न्हाई. काहीच न्हाई. बाहेर उदगीरच्या गाडीचा कंडक्टर ओरडून राहिला होता, ते तेवढं ऐकू येत होतं. चाचा नेहमी जेवढा वेळ धरायचे तेवढाच वेळ त्यांनी पातं पाण्यात धरलं. कान टाकीकडं लावून.

मग बाहेर काढलं. खांद्यावरच्या फडक्यानं पुसलं, दोन्ही बाजूंनी, नीट. दांडा बसवला, ठोकला, ओढून बघितला.

आणि माझ्यापुढं धरली.

"घे कांता. झाली तुझी कुऱ्हाड."

मी दोन्ही हातांनी घेतली.