डावा कान आणि एम.बी.ए.

मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी कान फुटला, तेव्हापासून. घरात सगळ्यांना ठाऊक, घराबाहेर कुणालाच नाही, असा आईचा हुकूमच होता. "पोट्टीच्या लग्नाच्या आड येईल," म्हणायची. मग मी वर्गात भांडून डाव्या भिंतीशी बसायची, आणि लोक म्हणायचे, भारी शिष्ट पोरगी आहे, हाक मारली तरी पाहत नाही.

बी.कॉम. झाल्यावर एम.बी.ए. करायचं ठरलं. आईला नागपूर हवं होतं. कॉलेजचं नाव मोठं, शिवाय मावशी तिथली. पण तिथल्या ग्रुप डिस्कशनमध्ये सगळे एकदमच बोलत सुटले. नुसता मासळीबाजार! मला अर्धं ऐकू आलं, त्या अर्ध्यावर मी ठोकून दिलं, आणि समोरचा पोट्टा फिसकन हसला. डोकं असं तापलं की मी त्याच्यावर ओरडलेच. गंमत म्हणजे माझी निवड झाली. आवाज दमदार आहे म्हणे.

आमच्या रायपूरचं कॉलेज अगदी नवं. शहर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर निघालेलं, भिंतींना अजून रंगाचा वास, खिडक्यांवर उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ. आईनं नाक मुरडलं, तरी सोबत आली आणि दाराबाहेरच्या बाकावर बसली. दार उघडंच होतं.

सरांनी आम्हाला अर्धगोलात बसवलं. विषय द्यायच्या आधी म्हणाले, "पहले ये बताइए, साथ काम करने के लिए आपको बाकियों से क्या चाहिए?" अभनपुरची एक मुलगी म्हणाली, मी सावकाश बोलते, मधेच तोडू नका. भिलाईत वाढलेला एक मल्याळी मुलगा म्हणाला, माझ्या हिंदीवर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सगळे हसले, तोही हसला.

माझी पाळी आली. दारातून आईचा पदर दिसत होता. तरी सांगून टाकलं, "मुझे बाएँ कान से सुनाई नहीं देता।"

"हव," असा आपल्या बोलीत होकार देत अभनपुरची ती उठली आणि तिनं मला आपली कडेची खुर्ची दिली. सगळे माझ्या उजवीकडे सरकले, मग एकेक जण बोलू लागला. कुणाचे ओठ न वाचता, अंदाज न बांधता मी पूर्ण चर्चा ऐकली. खरं सांगते, मला रडू आलं.

रिक्षा गोल बाजाराशी आली. तेव्हा आई म्हणाली, "काहून सांगितलं तू? चारचौघांत?"

"त्यायनं विचारलं म्हणून. आजवर कोणी विचारलंच नाही ना. मले इथंच शिकायचं आहे, आई. नागपूरले मी नुसती भांडत राहीन."

"अन् लग्न?"

"ज्याले दोन्ही कानांची बायको पाहिजे, त्यानं दुसरी पाहावी."

आईनं रिक्षावाल्याला आमची गल्ली दाखवली.

दोन्हीकडे निवड झाली आणि घरात तिढा पडला. मोठं नाव सोडून या नव्या कॉलेजात कोण जातं, असं ज्यानं त्यानं सुनावलं. अशात मावशीचा फोन आला. तिनं नागपूरचं एक स्थळ काढलं होतं. पोरगी तिकडं शिकायला आली की पाहून घेऊ, असं मुलाकडच्यांचं म्हणणं होतं. मी दारात उभी होते.

"स्थळ चांगलं आहे गं," आई म्हणाली. "पण आधी त्यायले सांग, पोट्टीले डाव्या कानानं ऐकू येत नाही. अन् ती रायपूरलेच शिकणार आहे."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "आज पहिल्यांदाच सांगितलं मी कोणाले." इतकी वर्षं मला वाटायचं, त्या कानाचं ओझं मी एकटीच वाहते आहे.