उजवीकडून लिहिलेलं लातूर

आमच्या घरात मराठी उजवीकडून लिहायचे. वाचायचे सरळच, पण पाटी रंगवताना आधी शेवटचं अक्षर, मग त्याच्या अलीकडचं, असं करत करत पहिल्या अक्षरापर्यंत यायचं. उदगीरच्या बाजारातलं आमचं पाट्या रंगवायचं दुकान दादांनी, म्हणजे अब्बांच्या वडिलांनी, निजामाच्या काळात उर्दू पाट्यांवर उभं केलेलं. राज्य बदललं, पाट्या मराठी झाल्या. दादा एका शाळामास्तरांकडून बाराखडी शिकून आले, पण हात काही वळेना. शेवटी त्यांनी हाताला त्याच्या मनासारखं करू दिलं. दुसऱ्या पेंटरांच्या पाटीवर शेवटची अक्षरं दाटीवाटीनं बसायची. आमच्याकडे दाटी झालीच तर पहिल्या अक्षराची व्हायची. दादा याला कला म्हणत. मी हट्टीपणा म्हणते, आणि तो माझ्यातही भरपूर आहे.

दुष्काळ पडला तेव्हा मी सहाएक वर्षांची असेन. चालू दुकानं बंद पडत होती, तिथं नवी पाटी कोण लावणार? अब्बा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले आणि हातोडा उजव्या अंगठ्यावर बसला. अंगठा राहिला, पकड गेली. ब्रश धरला की रेघ थरथरायची. पुढं पाऊसपाणी झालं, गिऱ्हाईकं परत आली, तेव्हा दादा पुन्हा लिहायला बसले आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. ते गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. तोवर खडू लावलेलं सूत ताणून रेघ आखण्यापासून सगळं काम मला येत होतं.

बाजाराला मात्र हे ठाऊक नव्हतं. मी मागच्या खोलीत पाटी रंगवायची आणि अब्बांनी ती पुढं नेऊन द्यायची. गिऱ्हाईक तारीफ करायचं, अब्बा खाली बघत ऐकून घ्यायचे. मला भयंकर राग यायचा. त्यांना आतून काय होत असेल, हे काही तेव्हा सुचलं नाही.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. जिथं तिथं उस्मानाबाद पुसून लातूर लिहायचं होतं, त्यामुळे पेंटरांची चांदी झाली. अब्बांना लातूरच्या एका नव्या कचेरीचं काम मिळालं, पण ते भर रस्त्यावरच्या भिंतीवर. भिंत काही मागच्या खोलीत आणता येत नव्हती.

मी करतो, असं अब्बा म्हणाले. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. ते शिडीवर चढले आणि पहिलंच अक्षर, म्हणजे शेवटचं, वाकडं गेलं. रॉकेलच्या फडक्यानं पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. तिसऱ्यांदा पुसून ते खाली उतरले, ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चढ, बेटा."

मी ओढणी कमरेला खोचली आणि चढले. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. निम्मंशिम्मं झालं असेल, तेवढ्यात कचेरीतला कारकून बाहेर आला. शिडीवर पोरगी, आणि तीही शेवटाकडून लिहितेय, हे बघून त्याचा पारा चढला. सरकारी भिंत पोरीला गिरवायला दिली का, म्हणून तो अब्बांवर उखडला. काम काढून घेतो म्हणाला.

पोरीला शिकवतोय, बाकीचं मीच करणार, असं अब्बांना सांगता आलं असतं. तेच सांगतील, याची मला खात्री होती. मी भिंतीकडे तोंड करून, ब्रश तसाच धरून ऐकत होते.

"लिहिणारी हीच हाय, साहेब," अब्बा म्हणाले. "माझा हात दुष्काळात गेला. बाजारातल्या पाट्या हिच्याच हातच्या हायेत. मी नुस्ता उभा राहून शाबासकी घेत राहिलो."

कारकुनानं भिंतीवर झालेली अक्षरं निरखून बघितली. मग पुरं करा म्हणाला, आणि मी पहिलं अक्षर संपवेपर्यंत तिथंच उभा राहिला. कागदावर पेंटरचं नाव काय लावू, असं त्यानं विचारलं. तोवर सगळीकडे दादांचंच नाव लागत आलं होतं. अब्बांनी माझं सांगितलं, सावकाश, रस्त्यावरच्या लोकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

माझं काम झालं होतं, तरी मी शिडीवरून उतरेना. डोळे पुसायचे होते, आणि दोन्ही हात निळ्या रंगानं भरले होते.