निरोपाचा पेला आणि आमच्या अक्का

अक्कांची नि माझी पहिली गाठ पडली ती मसाला दुधाच्या लोभानं. लग्न होऊन मी हैदराबादेत, बरकतपुऱ्यात नुकतीच आले होते आणि एका मराठी शाळेत शिकवायला लागले होते. माझ्या थोरल्या नणंदबाई म्हणाल्या, "आज मंडळाची कोजागिरी आहे, चल. दूध फार छान असतं." गेले. भांडं ओठाला लागतंय न लागतंय तोच एक ठेंगण्याशा, नऊवारीतल्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "तू मास्तरीण ना? बरं झालं बाई. मास्तरणीला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही." आणि आनंदमेळ्याच्या तिकिटांचा एक गठ्ठा माझ्या हातात! ओळख नाही, पाळख नाही. दूध निवून गेलं, वर साय धरली, पण मी त्या दिवशी जी अडकले ती आजतागायत सुटलेली नाही. त्या बाई म्हणजे सौ. वत्सलाबाई कंधारकर. मराठी माणसांच्याही अक्का आणि तेलुगू माणसांच्याही अक्का. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला "आटोपशीर लिहा" असं बजावलं आहे. अक्कांविषयी आटोपशीर लिहायचं म्हणजे बेगम बाजारात जाऊन फक्त पावशेर हळद घेऊन परत यायचं. कुणाला जमलंय ते?

नव्या पिढीसाठी आधी थोडं मंडळाविषयी सांगते. त्या काळी आमचं मंडळ म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली, कोर्टातली आणि शाळांतली मराठी कुटुंबं. संध्याकाळी बॅडमिंटन, हिवाळ्यात सहल, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि वर्षातून एकदा आनंदमेळा. मेळ्यात जे जमेल त्यावर काचीगुड्याच्या रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीत आमचं दूध केंद्र चालायचं. बायका पहाटे बांधकामावर जायच्या. त्यांच्या लहानग्यांना सकाळी गरम दूध मिळावं, एवढाच त्यात हेतू. बाकीच्यांना मंडळ म्हणजे करमणूक होती. अक्कांना मंडळ म्हणजे ते दूध. केंद्र हा त्यांचा जीव होता, आणि आहे.

पैसे जमवण्याची त्यांची एक रीत होती. "हात पसरायचा नाही, ताट पुढं करायचं," असं त्या म्हणत. एकदा आबिड्सच्या पोस्टाजवळ आम्ही दोघी तिकिटं विकत होतो. एका मोठ्या दुकानदारांनी पाकीट काढलं आणि म्हणाले, "बाई, मेळ्याला यायला मला वेळ नाही. ही देणगी घ्या." मला तर आनंदाचं भरतंच आलं. अक्कांनी हात मागे घेतला! म्हणाल्या, "नक्को सेठजी. घरच्यांना पाठवा, थालीपीठ खाऊ द्या, मग पैसे द्या. उपाशी माणसाकडून आम्ही घेत नाही." सेठजी हसले, पण सहकुटुंब आले. पुढं दरवर्षी येत राहिले, आणि दरवर्षी थालीपिठात तिखट कमी आहे म्हणून भांडत राहिले.

दुसरी गोष्ट माझ्या घरची आहे, म्हणून जरा जपून लिहिते. माझ्या त्या नणंदबाई पुढच्याच वर्षी विधवा झाल्या. संक्रांत आली तेव्हा त्या गुपचूप माजघरात जाऊन बसल्या. अक्का घरी आल्या, चहा प्यायल्या आणि सहज बोलावं तसं म्हणाल्या, "यंदा मंडळात हळदीकुंकू नाही, तिळगूळ समारंभ आहे. तिळगूळ द्यायला दाराशी तुम्ही उभं राहायचं. दुसऱ्या कुणाला माणसं ओळखू येत नाहीत." दोन-चार बायकांनी नाकं मुरडली. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या नणंदबाई त्या दिवशी दाराशी उभ्या राहून प्रत्येकीला "गोड बोला" म्हणत होत्या, आणि मी आत जाऊन डोळे पुसत होते. या एका गोष्टीसाठी मी अक्कांची जन्माची ऋणी आहे.

मग आली ती राज्य पुनर्रचनेची वर्षं. हैदराबाद संस्थानाचे भाषेप्रमाणे तुकडे झाले, मराठवाडा मुंबईकडे गेला आणि कचेऱ्यांतून याद्या लागू लागल्या. आज याचं नाव, उद्या त्याचं. कुणी औरंगाबादला, कुणी मुंबईला. अर्धं मंडळ बिस्तरे बांधायला लागलं. आणि इथं आमच्यापुढं एक अशी पंचाईत उभी राहिली, की ती फक्त आमच्यासारख्या नियमवाल्या सरकारी लोकांचीच होऊ शकते.

मंडळाचा नियम होता, की गाव सोडणाऱ्या सभासदाला निरोपादाखल चांदीचा पेला द्यायचा आणि श्रीखंडाची पंगत घालायची. वर्षाकाठी एखादी बदली व्हायची तेव्हा ठीक होतं. आता अर्ध्या मंडळाला पेले आणि पंगती द्यायच्या म्हणजे दूध केंद्राला कुलूप! खजिनदारांनी कार्यकारिणीत तसं स्पष्टच सांगितलं. तेव्हा रावसाहेब बिलोलीकर उठले. मंडळाची घटना त्यांनीच लिहिलेली, आणि मुंबईच्या यादीत नाव लागलेलंही त्यांचंच. म्हणाले, "इतकी वर्षं मी वर्गणी भरली. दर वेळी दुसऱ्याच्या निरोपाला टाळ्या वाजवल्या. आता माझी पाळी आली तर पेला बंद?" सभा तापली. कुणी म्हणालं, "पोरांच्या तोंडचं दूध काढून चांदी मागता?" रावसाहेबांचा चेहरा पडला. गावही सुटतंय आणि वर हा अपमान.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "रावसाहेबांचं बरोबर आहे. पेला मिळेल, पंगतही होईल. इंतजाम मी बघते."

खजिनदारांनी कपाळाला हात लावला. मीही बाहेर आल्यावर भांडले. "अक्का, केंद्राचं काय?" त्या म्हणाल्या, "कुसुम, माणसाला मान देऊन पाठवायचं असतं. केंद्राचं बघू." पंगतीचा तोडगा त्यांच्या डोक्यात तयारच होता. जाणाऱ्याच्या घरात डाळी, लोणच्याच्या बरण्या, पापड, तूप सगळं पडून असतं. ते मुंबईला वाहून नेणार कोण? तेव्हा त्या घरच्या सामानाची, त्या घरच्या हातची पंगत करायची, बाकीच्या बायकांनी पोळ्या लाटायला जायचं, आणि राहणाऱ्यांनी तिकीट काढून जेवायचं. पाव्हणा एकच, तो म्हणजे जाणारा. कल्पना अशी उचलली गेली, की निरोपाच्या पंगतीवर केंद्राचं दूध निघू लागलं.

राहिला पेला. अक्कांनी एक पेला घेतला. एकच. रावसाहेबांच्या समारंभात तो त्यांना दिला, आबिड्सहून आलेल्या फोटोवाल्या चाचांनी फोटो काढला. रावसाहेब छान बोलले, पेला घरी घेऊन गेले. जाता जाता त्यावर नाव कोरलेलं नाही म्हणून कुरकुरलेसुद्धा. "मागून कोरून देऊ," असं अक्का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कांकडे बसले होते, तर रावसाहेब दारात. दस्तीत, म्हणजे हातरुमालात, गुंडाळलेला पेला त्यांनी हळूच पुढं केला. "अक्का, फोटो निघाला, मान मिळाला. हा पुढच्याला द्या." आणि मग खालच्या आवाजात, "पण मी परत केला हे कुणाला सांगू नका. माझ्या मुलांनाही नको." दस्ती सोडली तर आत साखर भरलेली. रिकामं भांडं परत देऊ नये ना! ते गेल्यावर अक्कांनी साखर केंद्राच्या डब्यात काढून ठेवली. मग मला म्हणाल्या, "ऊठ, चिंच आण. पेला घासायला घे."

पुढचा निरोप आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचा. तोच पेला, घासूनपुसून. त्यांच्यानंतरचा समारंभ दोनच दिवसांवर होता आणि पेला काही परत येईना. माझा जीव खालीवर. म्हटलं, "अक्का, मी जाऊन मागू का?" तर त्या माझ्यावर उखडल्याच. "दिलेली वस्तू मागतात होय? नाही आला तर माझा कुंकवाचा करंडा मोडून दुसरा घेईन." समारंभाच्या दिवशी दुपारी हेडमास्तरीणबाई पदराआड काहीतरी लपवून आल्या. पेल्यात बेसनाचे लाडू. "ह्यांना वाटतं, मंडळाची सध्या ओढाताण आहे. पण कुणाला बोलू नका हं, लोकांना वाटेल आम्ही मोठेपणा करतोय."

आता ऐका, सभ्य गृहस्थ हो! औरंगाबादला, परभणीला, मुंबईला असलेल्या आमच्या जुन्या सभासदांनो, तुमच्या दिवाणखान्यांत निरोपाचे फोटो अजून लटकलेले आहेत, आणि पेला परत करणारे आपण एकटेच, असं तुम्ही प्रत्येकजण आजवर समजून आहात. तुम्ही एकटे नव्हता. झाडून सगळ्यांनी परत केला! सगळ्यांनी "कुणाला सांगू नका" म्हटलं, आणि अक्कांनी खरोखरच कुणाला सांगितलं नाही. सगळ्या फोटोंतला पेला एकच आहे, आणि दर वेळी तो चिंचेनं मी घासलेला आहे. हे ओळखलं होतं ते फक्त फोटोवाल्या चाचांनी. एकदा ते कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "अक्का, ये ग्लास अब मेरेकू पैचानने लगा." अक्का म्हणाल्या, "हौ, तो उसकू सलाम करो, और फोटो खींचो." साखर, लाडू, काजू, जे काही पेल्यातून यायचं ते केंद्राच्या पोरांच्या हातावर पडायचं. अक्कांना मान द्यायचा होता. माणसांनी तो घेतला आणि वर साखर घालून परत केला. आमची माणसं चांगली होती हो.

पण हे सगळं चाललं असताना एक भीती आम्हाला आतून खात होती. अक्कांचे यजमान, आमचे नाना, महसुलात होते. त्यांचंही नाव औरंगाबादच्या यादीत लागलं, तेही बढतीवर. अक्का गेल्या तर केंद्र सांभाळणार कोण? मी? मला तेव्हा स्टोव्हला पंप मारायचीही भीती वाटायची. वस्तीत मल्लम्मा म्हणून एक बाई होती, तिची दोन लेकरं केंद्रावर यायची. एका सकाळी तिनं विचारलंच, "अक्का, तुम भी जा रए कते? हमारे बच्चोंका दूध?" अक्का म्हणाल्या, "दूध कईं नै जाता, मल्लम्मा." आवाज ठाम होता, पण भरलेल्याच भांड्यात त्यांनी पुन्हा डावभर दूध ओतलं. नवऱ्याच्या बढतीच्या आड यायचं नाही, म्हणून त्यांनी घरी चकार शब्द काढला नव्हता, हे मला ठाऊक होतं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. नाना कमी बोलणारे गृहस्थ. आमटीचा भुरका मारून म्हणाले, "मी इथंच राहतो असं दफ्तरात कळवून आलो."

अक्कांच्या हातातली पळी तशीच राहिली. "आणि बढती?"

"बढती गेली औरंगाबादला. मी नाही गेलो," नाना म्हणाले. "तुला तिकडं नेलं असतं तर रोज सकाळी उठून दुधाचं काय झालं विचारलं असतंस. त्यापेक्षा हे स्वस्त."

अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि पदर तोंडावर घेऊन रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. म्हणून सांगते, हा गौरव निम्मा नानांचा आहे, आणि त्यांनी समारंभात पहिल्या रांगेत बसायला कुरकुर करू नये.

राहिलेल्या मूठभर माणसांवर मंडळ चालेना, तेव्हा अक्कांनी शेजारच्या तेलुगू घरांची दारं वाजवली. पुरणपोळी आणि बोब्बट्लु एकच की वेगळे, यावर जी चर्चा सुरू झाली ती अजून मिटलेली नाही, पण मेळ्यात दोन्हींची ताटं संपतात. सभेत आता तीन भाषा चालतात. माझ्या नातवंडांना हा लेख वाचून दाखवावा लागणार आहे. त्यांना मराठी बोलता येतं, वाचताना अडखळतात. मल्लम्माची धाकटी मुलगी मात्र आज केंद्राचा हिशेब मराठीत समजावून सांगते. केंद्र एक दिवसही बंद पडलेलं नाही.

परवा आमच्या तरुण सेक्रेटरींना एक कल्पना सुचली. ते म्हणाले, "तो पेला आहे ना अजून? तोच अक्कांना समारंभात देऊ या. इतक्या लोकांना दिला, त्यांना एकदाही मिळाला नाही." मला कल्पना फार आवडली. अक्कांना विचारायला मलाच पाठवलं. त्या केंद्रासाठी दुधाची पातेली पालथी घालून ठेवत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पेला जाणाऱ्याला देतात, कुसुम. मला कुठं जायचंय?"

मी परत आले. सेक्रेटरींना सांगितलं, की शाल द्या, नारळ द्या, हवं तर बॅडमिंटनची रॅकेट द्या, पण पेला नको.

अक्का, तुमचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे, आणि तुम्ही ते डॉक्टरांना सांगत नाही हेही. ते बरे होवोत. नानांची साथ लाभो. रोज सकाळी तुमच्या हातचं दूध उतू जाईपर्यंत तापो. ईश्वर तुम्हाला निरोगी, उदंड, आमच्यावर ओरडण्याइतकं खणखणीत आयुष्य देवो. आणि तो पेला? पडू दे कपाटात, काळा ठिक्कर पडू दे. मी काही आता तो घासायला येणार नाही.