साडूंच्या बोटीतला बिघाड

आमच्या थोरल्या साडूंचा विजेशिवाय जगात कशावर विश्वास असेल, असं मला वाटत नाही; आणि विजेवरही तो मीटर लावून पाहिल्यानंतरच. चाकणच्या एका कंपनीत मशिनांचं वायरिंग सांभाळण्यात त्यांची उभी नोकरी गेली. घरचा फ्रिज बंद पडला, की बटण चालू आहे का हे न बघता ते आधी मागचं झाकण उघडतात. अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ताप आला, की थर्मामीटर नीट चालतोय का हे आधी स्वतःच्या काखेत लावून तपासतात. निवृत्तीनंतर लोक फ्लॅट घेतात. यांनी मागं इंजिन लावलेली एक जुनी फायबरची बोट घेतली. राजगुरुनगरच्या पुढं ज्या धरणात त्यांची शेती बुडाली, त्याच पाण्यात फिरायला.

एकदा त्यांनी मला आणि अक्कांना बोटीतून नेलं. मधोमध इंजिन बंद करून म्हणाले, "पाहुणं, खाली आमचं खळं हाय." परत निघायला त्यांनी किल्ली फिरवली, तर नुसतं 'टक' झालं. तोवर वारा सुटला होता आणि बोट खडकांकडे सरकू लागली होती.

"जरा ठोकून बघा ना," मी म्हणालो.

"ठोकून चालू झालं तर बिघाड जात न्हाई, लपतो," असं म्हणून ते मीटर काढून बसले. बॅटरी भरलेली होती, फ्यूज शाबूत होता. पण किल्ली फिरवली की स्टार्टरला वीज पुरत नव्हती. अक्कांनी वल्हं उचललं.

"जरा दमानं मार, मीटरची टोकं निसटत्यात."

"मग खडकावर आपटू का?"

"आपटलो तरी कशापायी, ते कळाय नगं?"

काठाला लागेस्तोवर अक्कांचे तळवे सोलवटले होते. साडूंनी बॅटरीपासून इंजिनाकडे जाणारी काळी वायर सोलली. वरून धड दिसत होती. आत तांबं हिरवं पडून त्याचा भुगा झाला होता. ती मला दाखवायला ते हसत वळले आणि त्यांची नजर अक्कांच्या हातांवर गेली. वायर खिशात टाकून त्यांनी रुमाल ओला केला आणि त्या तळव्यांना बांधला.

यंदा गुडघ्यांमुळं त्यांना बोटीत चढवत नाही. अक्काच बोट घेऊन जातात. साडू काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आवाजाचा माग काढत मला सांगतात, "आता बांध वलांडला... आता आमच्या हिरीवर आली." मग आवाज ऐकू येईनासा होतो, आणि तो पुन्हा येईपर्यंत ते खुर्चीच्या टोकाशी सरकून पाण्याकडं कान लावून बसतात.