अवसेला उघडलेली फळी

खाडीचं पाणी आईच्या खालच्या ओठाला लागलं तेव्हा मी तिचं डोकं दोन्ही हातांनी वर धरलं होतं, आणि ती मला सांगत होती, “ओरडू नको.”

तिचा उजवा हात पाण्याखाली फळीत अडकला होता. ती कमरेत वाकलेली होती आणि तिला सरळ होता येत नव्हतं. मी नऊ वर्षांची. पाणी माझ्या छातीशी होतं. पायाखालचा चिखल घसरत होता आणि प्रत्येक लाटेला माझी टाच थोडी मागे जायची. मला भीती वाटत होती की माझाच पाय सुटेल आणि तिचं डोकं माझ्या हातून पाण्यात जाईल.

आमचं गाव कोपरच्या बाजूला, खाडीला लागून होतं. तीस-पस्तीस घरं. लांबवर आगगाडीचा धूर दिसायचा. कल्याणच्या बंदराकडे जाणारी गलबतं आमच्या समोरून जायची. भातशेती सगळी खाडीच्या काठची, आणि शेत आणि खाडी यांच्या मध्ये मातीचा बांध. या बांधावर गाव जगत होतं. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन-चार वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. पावसानं मीठ धुऊन जाईपर्यंत बसून राहायचं. म्हणून दर वर्षी गाव एका माणसाला बांधाचा मुख्य नेमायचं. त्या साली माझा थोरला काका होता, वडिलांचा सख्खा मोठा भाऊ.

बांधात एके ठिकाणी दगडी मोरी होती, तिला उघाडी म्हणायचे. खाडीच्या बाजूनं तिच्या तोंडावर जाड लाकडी फळी टांगलेली असायची. ओहोटीला शेतातलं जादा पाणी फळी ढकलून बाहेर जायचं. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून दाबायचं आणि फळी आपोआप मिटायची. तिथली मासळी पाळीनं एकेका घराला. ज्याची पाळी त्यानं भरतीच्या सुरुवातीला फळीखाली लाकडाचा ओंडका अडकवून ती थोडी उघडी ठेवायची, कोळंबी आणि बारीक मासळी मोरीमागच्या खोल चरात आली की, पाणी शेतात चढायच्या आत, ओंडक्याला बांधलेली दोरी बांधावरून ओढायची. ओंडका निघाला की फळी बंद. ओहोटीला आतून जाळं लावायचं. पण पुनव आणि अवस, आणि त्यांच्या मागचा पुढचा दिवस, फळीला हात लावायचा नाही. तेव्हा उधाण असतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आमची पाळी नेमकी श्रावणातल्या अवसेला आली. पाळी सोडून द्यायची, एवढंच करायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते आणि घरात वाढायला काही नव्हतं. आई म्हणाली, “जरा वेळ उघडायची आनि लगेच पाडायची. कोनाला सांगशील तर तंगडं मोडीन.” आम्ही दोघी दुपारच्या आधी गेलो. तिनं ओंडका लावला.

पाणी नेहमीसारखं आलं नाही. ते मोरीतून असं आत घुसायला लागलं की त्याचा आवाज मला बांधावर ऐकू येत होता. आईनं दोरी ओढली. ओंडका हलला नाही. पुन्हा ओढली तर दोरी तुटून हातात आली. मग ती लुगडं वर खोचून बाहेरच्या बाजूनं खाली उतरली, वाकली, आणि हात घालून ओंडका हलवू लागली. ओंडका निघाला. फळी त्याच क्षणी मिटली. तिची चार बोटं फळी आणि दगड यांच्या मध्ये राहिली.

ती किंचाळली नाही. तिच्या तोंडातून बैल हाकताना करतात तसा आवाज निघाला. पाणी तेव्हा तिच्या गुडघ्याच्या थोडं वर होतं. मी खाली उतरले. दोघींनी फळी ओढून पाहिली. भिंत ओढल्यासारखं होतं.

वडील आणि काका हाकेच्या अंतरावर शेतात बेणणी करत होते, भातातलं तण काढत होते. मी म्हटलं, “बाबाला हाक मारू?” ती म्हणाली, “नको. काकाला कळेल. जरा थांब, पानी उतरेल.” ती खाडीकाठी जन्मलेली बाई होती. पाणी अजून दोन-अडीच तास चढणार हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ती तसं म्हणाली आणि मी ऐकलं. पाणी तिच्या मांडीला आलं, पोटाला आलं, खांद्याला आलं, आणि मी गप्प उभी राहिले. मला पाण्याची भीती होती, आणि गावाचीही होती. कुठली जास्त होती ते मला आजही सांगता येणार नाही.

पाणी ओठाला लागलं. पुढची लाट तिच्या नाकात गेली, ती खोकली, आणि तिनं डोळे असे फिरवले की मी तिचं ऐकायचं सोडलं. मी ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडत राहिले.

पहिले वडील आले, मागून काका. काका बांधावर दिसला आणि आईनं काय केलं असेल? डावा हात पाण्यातून काढला आणि ओला पदर डोक्यावर ओढला. आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर तोंड उघडं ठेवत नसे, त्याच्याशी बोलत नसे, आणि त्यानं तिला स्पर्श करायचा तर प्रश्नच नव्हता. त्याची सावलीसुद्धा ती चुकवायची. नाकाशी पाणी आलं होतं आणि ती पदर सावरत होती. पदर पाण्यावर तरंगला आणि तिच्या तोंडावर चिकटला. मी तो बाजूला केला, तिनं पुन्हा ओढला.

काकानं तुटकी दोरी पाहिली. “अवसेला फळी उघडली? अक्कल काय पाहुण्यांसाठी झाकून ठेवली होती?”

वडील उडी टाकून आत आले होते. दोघांनी मिळून फळी ओढली. नखभर हलली नाही. वडील परत बांधावर चढले आणि फावडं घेऊन त्यांनी बांधावर दोन घाव घातले.

“काय करतोस?” काका म्हणाला.

“आत पानी सोडतो. दोन्ही अंगाला सारखं झालं की फळी सैल होईल.”

“सारखं व्हायला किती वेळ लागंल? तोवर ही कधीचीच बुडंल. आनि मग गावानं चार वर्षं काय तुझं मुंडासं शिजवून खायचं?”

“दादा, मंग काय करू? तूच सांग!”

 काकानं वडिलांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि कमरेचा विळा त्यांच्यापुढे धरला. वडिलांनी विळ्याकडे पाहिलं. ते मटकन खाली बसले. मी त्यांना तसं बसलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या गावात बैल उधळला की लोक वडिलांना बोलवायचे.

आईला सगळं ऐकू येत होतं. तिनं पाणी थुंकलं आणि मला म्हणाली, “काकाला सांग, बांध फोडू नका म्हनावं. बोटं कापा.”

तो चार हातांवर उभा होता. तरी मी सांगितलं. “काका, आय म्हनते बोटं कापा.”

“तिला सांग, दम घेऊन ठेव. आनि हात ताठ करू नको म्हनावं.”

मी तेही सांगितलं. मग तो पाण्यात उतरला. खाली वाकण्याआधी त्यानं एकदा वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी मान खाली घातली, आणि त्यानं आईचं मनगट धरलं. आईचं सगळं अंग आक्रसलं. ते दुखण्यानं नव्हतं, त्यानं तेव्हा कापायला सुरुवातही केली नव्हती.

विळा पाण्यात मारता येत नाही, करवतीसारखा ओढावा लागतो. तो तीनदा श्वास घ्यायला वर आला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा आईचं तोंड पूर्ण पाण्याखाली होतं. मी तिचे केस धरून वर ओढत होते आणि माझ्या हनुवटीला पाणी लागत होतं. तिच्या नाकातून बुडबुडे येत होते. मी ते मोजत नव्हते, फक्त यायचे थांबू नयेत एवढंच बघत होते. मग ते थांबले. त्यानंतर काका वर आला, आणि त्याच्याबरोबर आईही वर आली.

वडिलांनी तिला बांधावर ओढलं, पोटावर पालथं घातलं आणि पाठीवर दाबलं. पुष्कळ पाणी निघालं. काकानं आपल्या मुंडाशाचा अर्धा भाग फाडून तिच्या हाताला करकचून बांधला, आणि मग बाजूला जाऊन त्यानं उलटी केली. तीन बोटं मुळापासून गेली होती. करंगळी कशी कोण जाणे सुटली होती, पण तीही पुढे वाकडीच राहिली.

घरी आजीनं जखमेत हळद आणि चुलीतली राख भरली. आठ दिवस ताप होता. पाहुणे आले नाहीत. त्यांना रस्त्यातच कुणीतरी सांगितलं. बांधाजवळची दोन शेतं खारावली. ती आमचीच होती, म्हणून गाव फार बोललं नाही. पण काकानंच गावासमोर उभं राहून सांगितलं, की चूक आमच्या घराची आहे, आमची उघाडीची पाळी पाच वर्षं बंद. आईनं ते दाराआडून ऐकलं.

काकाशी ती नंतरही कधी बोलली नाही. तो अंगणात आला की अंगठा आणि वाकडी करंगळी यांच्यात धरून पदर ओढून घ्यायची. वडील मात्र त्या दिवसापासून उघाडीच्या वाटेनं गेले नाहीत, शेताला लांबच्या बांधावरून वळसा घालून जायचे. मला पुढच्या वर्षी कल्याणात दिलं. तिथं नवऱ्यानं चार इयत्ता शिकवल्या, म्हणून हे लिहिता येतंय. उघाडीवर फळी पडल्याचा आवाज मला माहेरी गेले की अजून ऐकवत नाही.

त्या दुपारी आम्ही चौघं उघाडीवर होतो. चौघंही जिवंत घरी आलो.