बांधावरची खुर्ची

मी जर्मनीला निघालो तेव्हा वेल्ह्याच्या एस.टी. स्टँडवर माझ्या गळ्यात इतके हार पडले, की कंडक्टर म्हणाला, ‘नवरदेव, चढा आता.’ मी पुण्यात गणितात पीएच.डी. करत होतो आणि तिकडच्या एका विद्यापीठानं वर्षभर संशोधनाला बोलावलं होतं. गावानं त्याचा अर्थ एवढाच घेतला, की पोरगा साहेब झाला. मी घसा कोरडा करून सांगत होतो, की अजून विद्यार्थीच आहे, पोटापुरती शिष्यवृत्ती आहे. ऐकतो कोण? ज्याचं पोर विमानात बसलं, त्याच्या घरी सोन्याचा धूर निघतो, हे आमच्याकडे ठरलेलं.

घरी होती फक्त आई. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. तोरण्याच्या पायथ्याला आमची भाताची चार खाचरं, ती आईनं सावडीवर पिकवली. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, उपकारही नाही. लावणीच्या दिवसांत पैसे देऊनसुद्धा माणूस मिळत नाही. जो दुसऱ्याच्या चिखलात उतरला, त्याच्याच चिखलात दुसरे उतरतात. आई लावणीत सगळ्यांच्या पुढे असायची. तिच्या बरोबरीनं सरकताना तरण्याताठ्या पोरींची दमछाक व्हायची आणि ती वर त्यांनाच चिडवायची.

तिकडे माझे मार्गदर्शक रविवारी जेवायला बोलवत. पहिल्याच रविवारी जेवण झाल्यावर ते स्वतः बशा विसळायला उभे राहिले आणि माझ्या हातात फडकं दिलं. एवढा मोठा माणूस धुतोय आणि मी पुसतोय. त्या परक्या, थंड शहरात मी स्वतःला कुणाचा तरी वाटलो असेन, तर त्या फडक्यापाशी. बाकीचा वेळ एका प्रमेयात गेला. ते सुटलंही. ते वाचून समजणारी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि वेल्ह्यात एकही नाही.

दिवाळी झाल्यावर परत आलो. गावात कापणी उरकत आली होती, ज्याच्या त्याच्या खळ्यावर भारे पडले होते. आमच्या एका खाचरात थोडंफार भात होतं, बाकी तिन्हींत गवत. मला वाटलं, आई आजारी होती आणि मला कुणी कळवलं नाही.

‘म्या चांगली धडधाकट हाय,’ आई म्हणाली. ‘गावानं मान दिला मला.’

झालं होतं असं. आषाढात ती नेहमीसारखी पावसाचं इरलं घेऊन पहिल्या शेतावर गेली. सावडीचे म्होरके म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, माझे चुलते. ते तिला म्हणाले, ‘वयनी, तुमी कशाला आता चिखलात? साहेबाची आई तुमी. बसा हितं.’ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतावर तेच. त्यात टिंगल नव्हती, हीच तर खरी पंचाईत. तिला घोंगडीवर बसवून चहा पाजला. पण जी कुणाच्या चिखलात उतरली नाही, तिच्या चिखलात कोण उतरणार? मागून सावड मिळत नाही आणि आईनं ती मागितलीही नाही. एकटीनं जमेल तेवढं लावलं. उरलेलं रोप वाफ्यातच जून होऊन गेलं.

मी तडक चुलत्यांकडे जाऊन भांडलो. ते म्हणाले, ‘आता मान दिला त्यात आमचं काय चुकलं?’ त्यांना खरंच कळत नव्हतं. वैरी असते तर परवडलं असतं.

पुढच्या आषाढात मी पुण्याहून सुट्टी काढून गावी आलो. आईला म्हटलं, चल, आधी आपण दोघं त्यांच्या शेतात राबू, मग कोण येत नाही ते बघू. ती इतकी खुलली, की वाटेत भराभर चालून मलाच मागे टाकलं. चुलत्यांच्या खाचरात उतरलो, रोपाची मूठ हातात घेतली. लहानपणी माझा कान पिळणारे चुलते चिखल तुडवत धावत आले आणि त्यांनी माझ्या हातातली मूठ काढून घेतली.

‘साहेब, तुमी वर या. व्हय, वर या आधी.’

शाळेतून खुर्ची आणवली आणि ती बांधावर मांडली. कुणीतरी माझ्यावर छत्री धरली. बायका कौतुकानं हसत होत्या. मला रडू येत होतं, आणि रागानं ती खुर्ची ओढ्यात फेकावीशी वाटत होती.

आईनं पदर खोचला होता, तो सोडला. ‘चल घरी,’ म्हणाली.

त्याच आठवड्यात तिनं आमचं शेत चुलत्यांना अर्ध्या पिकाच्या वाट्यानं दिलं. आता ते चुलत्यांचं काम झालं, म्हणून सगळी सावड लोटली. दिवस मावळायच्या आत चारही खाचरं लावून झाली. आई बांधावर उभी राहून बघत होती. खुर्ची तिलाही दिली होती. ती बसली नाही.